टॅम्पॉन, रात्र आणि आठ तास

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

आमच्या वसतिगृहात रात्री दिवे मालवल्यावर जे प्रश्न निघतात ते दिवसा वर्गात कधीच निघत नाहीत. परीक्षेच्या, घरच्यांच्या, लग्नाच्या गोष्टी संपल्या की कुणीतरी हळूच पाळीविषयी विचारते. गेल्या वर्षी असाच एक प्रश्न पुढे आला आणि बरेच दिवस रेंगाळला. तो असा : टॅम्पॉन लावून रात्रभर झोपले तर चालते का? एकीचे म्हणणे, तिची परदेशातली आतेबहीण वर्षानुवर्षे तसेच करते आणि तिला कधी काही झालेले नाही. दुसरीने कुठेतरी ऐकले होते की तसे केल्याने बाई दगावते. बाकीच्या बऱ्याच जणींना टॅम्पॉन म्हणजे काय हेच नीट ठाऊक नव्हते.

मी इतिहासाची विद्यार्थिनी. वैद्यकशास्त्र हा माझा विषय नव्हे. पण छापील कागद वाचून दाखवणे हे लहानपणापासून माझ्याकडे आलेले काम आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आई सही करते, पण वाचत नाही. त्यामुळे औषधाच्या बाटलीवरचे, खताच्या पिशवीवरचे, सोसायटीच्या कर्जाच्या कागदावरचे जे काही असेल ते मीच वाचायचे. वसतिगृहातही टॅम्पॉनच्या पाकिटातले बारीक अक्षरांचे इंग्रजी माहितीपत्रक माझ्याच हाती आले. त्यात 'आठ तास' असा आकडा होता. आठच का? सात का नाही, दहा का नाही? हा आकडा आला कुठून? याचा शोध घेता घेता लक्षात आले की या एका ओळीमागे मोठा इतिहास आहे आणि तो बराच दुःखाचा आहे. तो मैत्रिणींपुढे ठेवावा म्हणून हा लेख. विद्यार्थी मित्रांनीही पान उलटू नये. त्यांनाही बहिणी आहेत.

उत्तर आधीच सांगून टाकते. झोपण्यापूर्वी अगदी शेवटी नवा टॅम्पॉन लावला आणि आठ तासांच्या आत उठून काढला, तर निरोगी मुलीला धोका फार थोडा असतो. त्याहून अधिक वेळ तो ठेवू नये. आणि आपल्यापैकी ज्यांच्या रात्री आठ तासांहून मोठ्या असतात त्यांनी रात्री पॅड किंवा स्वच्छ कापड वापरावे, हे सर्वांत चांगले. आता याची कारणे पाहू.

टॅम्पॉन म्हणजे काय?

कापूस किंवा रेयॉन घट्ट दाबून केलेली बोटाएवढी सुरळी आणि तिच्या टोकाला एक दोरा, एवढेच टॅम्पॉनचे स्वरूप. पॅड किंवा कापडाची घडी शरीराच्या बाहेर असते. टॅम्पॉन योनिमार्गाच्या आत बसतो आणि रक्त तिथेच शोषून घेतो. दोरा बाहेर राहतो, तो ओढला की टॅम्पॉन निघतो. पोहणाऱ्या, धावणाऱ्या मुलींना त्याची सोय वाटते ती यामुळेच.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात डेन्व्हर नावाचे शहर आहे. तेथील डॉ. अर्ल हास यांनी पुठ्ठ्याच्या नळीतून आत सरकवता येणारा टॅम्पॉन तयार केला. त्यांनी १९३१ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि १९३३ साली ते त्यांना मिळाले. त्यांच्याकडून हे हक्क गर्ट्रूड टेंडरिक या बाईंनी विकत घेतले आणि 'टॅम्पॅक्स' या नावाने धंदा उभा केला. सुरुवातीचे टॅम्पॉन त्या घरीच शिवणयंत्रावर करीत असत असे सांगतात. पुढे जर्मनीत १९५० साली नळीशिवाय, बोटाने लावायचा 'ओ. बी.' हा टॅम्पॉन आला. या दोन अक्षरांचा अर्थ जर्मन भाषेत 'पट्टीवाचून' असा होतो.

आपल्याकडे मात्र टॅम्पॉन अजून फारसा रुळलेला नाही. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते चोवीस वयाच्या मुलींना त्या काय वापरतात ते विचारले गेले. शेकडा ६४ जणींनी सॅनिटरी नॅपकिन सांगितले आणि शेकडा ५० जणींनी कापड. (एकीला एकाहून अधिक उत्तरे देता येत होती.) टॅम्पॉन सांगणाऱ्या अगदी किरकोळ होत्या. पण शहरातल्या औषधाच्या दुकानांत तो आता मिळतो, फोनवरून घरपोच येतो, आणि खेळाडू मुली एकमेकींकडून तो शिकतात. म्हणजे वस्तू आली आहे, पण तिच्याबरोबर यायला हवे ते ज्ञान अजून आलेले नाही.

१९८० सालची गोष्ट

१९७८ साली डेन्व्हरमधीलच डॉ. जेम्स टॉड या बालरोगतज्ज्ञांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रिकेत एक निबंध प्रसिद्ध केला. आठ ते सतरा वर्षांची सात मुले एका विचित्र आजाराने त्यांच्याकडे आली होती. एकाएकी भरपूर ताप, उलट्या, जुलाब, अंगभर लाली आणि रक्तदाब इतका खाली की जिवावर बेतावे. या आजाराला त्यांनी 'टॉक्सिक शॉक सिंड्रोम' असे नाव दिले. शरीरात विष भिनून बसलेला धक्का, असा त्याचा अर्थ. या सात जणांत मुलगेही होते, हे ध्यानात ठेवावे. म्हणजे हा आजार मुळात केवळ बायकांचा किंवा केवळ टॅम्पॉनचा नव्हे. भाजलेल्या जखमेतून, शस्त्रक्रियेनंतर, नाकात रक्त थांबवण्यासाठी भरलेल्या बोळ्यामुळेही तो होऊ शकतो.

परंतु १९८० साली अमेरिकेत एक वेगळेच चित्र दिसू लागले. तेथील साथरोग केंद्राकडे अशा रोग्यांच्या नोंदी येऊ लागल्या. त्यांतले बहुतेक सर्व रोगी तरुण स्त्रिया होत्या आणि आजार नेमका पाळीच्या दिवसांत सुरू झालेला होता. चौकशी केली तेव्हा टॅम्पॉनचा संबंध दिसला. अधिक चौकशी झाली तेव्हा एका विशिष्ट टॅम्पॉनचे नाव पुन्हा पुन्हा येऊ लागले. ते नाव होते 'रिलाय'.

'रिलाय' या शब्दाचा अर्थ 'विसंबून राहा'. प्रॉक्टर अँड गॅम्बल या मोठ्या कंपनीने तो काढला होता आणि त्याचे नमुने घरोघर फुकट वाटले होते. त्यात कापूस नव्हता. कृत्रिम फेसाचे चौकोनी तुकडे आणि कार्बोक्सिमिथिल सेल्युलोज नावाचा द्रव शोषणारा पदार्थ, असे ते मिश्रण होते. ते इतके शोषून घेई की बदलण्याची आठवणही होऊ नये. बायकांना हीच तर सोय वाटली. न बदलता दिवस जातो, रात्र जाते! पण ही सोयच घातक ठरली. २२ सप्टेंबर १९८० रोजी कंपनीने हा माल बाजारातून काढून घेतला. त्या एका वर्षात पाळीशी संबंधित अशा रोग्यांची संख्या अमेरिकेत ८०० च्या आसपास गेली आणि त्यांत ३८ मृत्यूंची नोंद झाली. आयोवा राज्यातील पंचवीस वर्षांची, दोन मुलांची एक आई त्या सप्टेंबरातच, माल परत घेण्याच्या काही दिवस आधी गेली. तिच्या नवऱ्याने कंपनीवर खटला भरला आणि १९८२ साली तो जिंकला.

यानंतर १९८२ सालापासून टॅम्पॉनच्या पाकिटावर या आजाराचा इशारा छापणे अमेरिकेत सक्तीचे झाले. माझ्या हाती आलेल्या त्या बारीक अक्षरांचा जन्म हा असा आहे. ती अक्षरे कंपनीच्या सौजन्याने आलेली नाहीत, मेलेल्या बायकांच्या नावे आलेली आहेत.

आणखी एक गोष्ट मला इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून फार महत्त्वाची वाटते. त्या काळी 'रेग्युलर', 'सुपर' या शब्दांना ठरलेले माप नव्हते. एका कंपनीचा 'रेग्युलर' दुसरीच्या 'सुपर'पेक्षा जास्त शोषी. आपल्याकडे १९५६ चा वजनमापांचा कायदा होण्यापूर्वी एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी जुळत नसे, तसाच हा प्रकार. कमी शोषणारा टॅम्पॉन घ्या असा सल्ला डॉक्टर देत, पण कमी शोषणारा कोणता ते बाईला कळणार कसे? बॉस्टन शहरातील स्त्रियांच्या एका आरोग्यगटाने हा प्रश्न लावून धरला. एस्थर रोम या त्यांतल्या एक. त्या डॉक्टर नव्हत्या. पण कंपन्यांच्या प्रतिनिधींसमोर समितीत बसून त्यांनी सर्वांना एकच माप असावे हा आग्रह वर्षानुवर्षे सोडला नाही. अखेर १९८९ साली नियम झाला आणि १९९० पासून मापे एक झाली : सहा ग्रॅमपर्यंत शोषणारा सर्वांत हलका, सहा ते नऊ ग्रॅम 'रेग्युलर', नऊ ते बारा 'सुपर', बारा ते पंधरा 'सुपर प्लस'.

आजार होतो कसा?

टॅम्पॉन स्वतः विषारी नसतो. दोष आहे तो एका जिवाणूचा. त्याचे नाव स्टॅफिलोकॉकस ऑरियस. हा काही परका नव्हे. दर तीन-चार माणसांत एकाच्या नाकात तो निवांत राहत असतो. आपल्याला गळू होते, केसतूड होते, तेही बहुधा याच्यामुळेच. काही स्त्रियांच्या योनिमार्गातही तो थोड्या प्रमाणात असतो. याच्या काही जाती एक विष तयार करतात. १९८१ साली अमेरिकेतील दोन संशोधकगटांनी हे विष स्वतंत्रपणे शोधून काढले.

एरवी योनिमार्ग आंबट गुणाचा असतो. दह्यातल्या जिवाणूंचे भाऊबंद तिथे राहतात आणि ते हा आंबटपणा टिकवतात. त्या वातावरणात स्टॅफिलोकॉकसचे फारसे चालत नाही. पाळीच्या दिवसांत रक्तामुळे हा आंबटपणा कमी होतो. टॅम्पॉन आत जातो तेव्हा त्याच्या धाग्यांत अडकून हवाही आत जाते. विष तयार व्हायला ही हवा लागते. उबदार जागा, खायला रक्त, श्वासाला हवा आणि हाताशी वेळ, एवढे मिळाले की जिवाणू वाढतात.

वेळ का महत्त्वाचा, हे आपल्या घरात रोज दिसते. कोमट दुधाला रात्री विरजण लावले की तासाभरात दही होत नाही, सकाळी होते. जिवाणू एकाचे दोन, दोनाचे चार असे वाढतात. पहिले काही तास काहीच घडले नाही असे वाटते आणि शेवटच्या काही तासांत सगळे घडते. टॅम्पॉन वेळेवर बदलणे म्हणजे दही लागण्याआधी भांडे रिकामे करणे.

आता हे विष शरीरात काय करते ते पाहू. गावात चोर शिरला तर पोलीसपाटील आणि चार धीट माणसे काठ्या घेऊन निघतात आणि चोराला धरतात. आपल्या रक्तातल्या संरक्षक पेशींचेही असेच. एखादा जंतू आला की त्याला ओळखणाऱ्या, दहा हजारांत एखादीच, अशा मोजक्या पेशी जाग्या होतात. पण हे विष सगळ्या गावभर खोटी बोंब ठोकते. शेकडा वीसपर्यंत, कधी त्याहून जास्त पेशी एकदम खवळून उठतात. अंधारात सारा गाव धावत सुटावा आणि एकमेकांनाच झोडपावे तसे होते. त्यातून ताप चढतो, रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडे आणि यकृत निकामी होऊ लागतात. हे सारे काही तासांत घडते.

मग टॅम्पॉन वापरणाऱ्या कोट्यवधी स्त्रियांना हा आजार का होत नाही? कारण बहुतेकींच्या शरीरात हा जिवाणू नसतो, असला तर विष करणाऱ्या जातीचा नसतो, आणि तोही असला तर वय वाढेपर्यंत बहुतेकींच्या रक्तात त्या विषावरचा उतारा तयार झालेला असतो. म्हणूनच पाळीशी संबंधित हा आजार वर्षाला दर लाख स्त्रियांत एक ते तीन जणींना होतो, एवढा तो दुर्मीळ आहे. पण हा उतारा कोवळ्या वयात पुष्कळदा तयार झालेला नसतो. म्हणजे धोका ज्यांना अधिक, त्या नेमक्या आपल्याच वयाच्या. आतेबहिणीला काही झाले नाही हे खरेच असेल. पण तिच्या रक्तात उतारा आहे म्हणून आपल्याही असेल असे नाही.

आठ तास मोजायचे कसे?

अमेरिकेतील औषध प्रशासन सांगते की टॅम्पॉन दर चार ते आठ तासांनी बदलावा आणि आठ तासांपेक्षा अधिक कधीही ठेवू नये. फ्रान्समधील संशोधकांनी २०२० साली आजारी पडलेल्या आणि न पडलेल्या स्त्रियांची तुलना करून पाहिली. टॅम्पॉन सलग सहा तासांहून अधिक ठेवणाऱ्यांत धोका सुमारे दुप्पट दिसला आणि रात्रभर ठेवून झोपणाऱ्यांत सुमारे तिप्पट. माहितीपत्रक न वाचणाऱ्या किंवा न पाळणाऱ्यांतही तो सुमारे दुप्पट निघाला. लाखात एकाचे तीन झाले तरी ते थोडेच, हे मान्य. म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. पण आठ तास ही शेवटची हद्द आहे, गाठायचे ठिकाण नव्हे, एवढे यावरून समजावे.

खरी चूक होते ती मोजण्यात. 'रात्रभर' हे काही माप नव्हे. आपण झोपेचे तास मोजतो, पण टॅम्पॉनचे तास झोप लागल्यापासून सुरू होत नाहीत, लावल्यापासून सुरू होतात. मेसमधून जेवून आल्यावर साडेनऊला लावला, अकरापर्यंत अभ्यास केला आणि सकाळी साडेसहाला उठलो, तर झोप साडेसात तासांची झाली, पण टॅम्पॉनचे नऊ तास झाले. रविवारी आठपर्यंत लोळत पडलो तर साडेदहा!

आणि हा हिशेब ज्यांनी बसवला त्यांच्या घरात पलंगापासून चार पावलांवर न्हाणीघर आहे, दिवा आहे, नळाला पाणी आहे. आमच्या गावी बऱ्याच घरांत संडास अंगणापलीकडे आहे. रात्री आठला एकदा जाऊन आले की पहाटे पाचपर्यंत बाईमाणूस बाहेर पडत नाही. अंधार असतो, कुत्री असतात, आणि कुणाला उठवायचे याचा संकोच असतो. म्हणजे नऊ तास झालेच. ऊसतोडीला गेलेल्या बायकांना तर पालात राहून पहाटेपूर्वीच फडात जावे लागते. तिथे आडोसा मिळत नाही आणि हात धुवायला साबणही नसतो. रात्रीच्या एस. टी.ने दहा-दहा तास प्रवास करणाऱ्या मुलींचेही तेच. नेमका प्रवासातच टॅम्पॉनचा मोह होतो, आणि नेमका तिथेच तो वेळेवर बदलता येत नाही. अशा ठिकाणी टॅम्पॉन सोयीचा वाटला तरी तो आपल्यासाठी नाही. यात मागासलेपणा काही नाही. वस्तू चांगली की वाईट हे ती कुठे वापरायची यावरही ठरते.

पॅड आणि कापड बाहेर असतात. त्यांच्यामुळे हा आजार होत नाही. कापड साबणाने धुऊन उन्हात वाळवलेले असावे. दुसऱ्या कपड्यांखाली, अंधाऱ्या कोपऱ्यात दडवून वाळवलेले कापड नीट सुकत नाही, आणि दमट कापडाने खाज आणि इतर त्रास होतात. मासिक पाळीचा कप हल्ली काही मुली वापरतात. तोही आत बसतो आणि त्यामुळेही हा आजार झाल्याची काही उदाहरणे नोंदलेली आहेत. म्हणून तोही पत्रकात दिलेल्या वेळेत काढून धुतलाच पाहिजे.

ज्यांना टॅम्पॉन वापरायचा आहे त्यांनी एवढे पाळावे. लावण्यापूर्वी आणि काढल्यावर हात साबणाने धुवावेत. स्राव जेवढा असेल त्याला पुरेल असा सर्वांत कमी शोषणारा घ्यावा. 'सुपर' घेतला म्हणजे जास्त तास ठेवता येतो ही समजूत १९८० साली बायकांच्या जिवावर उठली होती. एका वेळी एकच लावावा. पाळी संपल्यावर शेवटचा काढला की नाही ते आठवून पाहावे. सलग सगळे दिवस टॅम्पॉनच न वापरता मधूनमधून पॅड वापरावा. रात्री लावायचाच असेल तर अंथरुणावर पडण्याआधी अगदी शेवटचे काम म्हणून लावावा आणि आठ तासांच्या आतला गजर लावावा. ज्यांना हा आजार पूर्वी एकदा झाला आहे त्यांनी टॅम्पॉन पुन्हा वापरूच नये.

काही गैरसमज

टॅम्पॉन आत हरवतो, पोटात चढतो, असे पुष्कळ जणींना वाटते. योनिमार्गाच्या वरच्या टोकाला गर्भाशयाचे तोंड असते. त्याचे छिद्र इतके बारीक असते की टॅम्पॉन त्यातून जाऊच शकत नाही. दोरा सापडेनासा झाला तर घाबरू नये. धुतलेल्या बोटाने काढता येतो, नाही तर डॉक्टर एका मिनिटात काढतात. टॅम्पॉन असताना लघवी करता येत नाही हेही खरे नाही, कारण लघवीची वाट वेगळी आहे.

सर्वांत मोठी भीती कौमार्याची. योनीच्या तोंडाशी असलेला पडदा म्हणजे डब्याचे झाकण नव्हे. त्याला मुळातच वाट असते, नाही तर पाळीचे रक्त बाहेर आले कुठून असते? तो कुणाचा कसा असतो, खेळताना ताणला गेला की नाही, यावरून मुलीविषयी काहीही सिद्ध होत नाही. २०१९ साली नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने 'कौमार्याची चिन्हे' हा भाग आपल्या अभ्यासक्रमातून काढून टाकण्याचा निर्णय घेतला तो याचसाठी. या खोट्या भीतीपोटी आपण टॅम्पॉनविषयी बोलत नाही, आणि बोलत नाही म्हणून खऱ्या धोक्याची माहितीही एकमेकींना देत नाही.

एक वाक्य बोलता आले पाहिजे

आता सर्वांत महत्त्वाचे. पाळीच्या दिवसांत टॅम्पॉन वापरत असताना एकाएकी १०२ किंवा त्याहून अधिक ताप, उलट्या, जुलाब, उन्हाने भाजल्यासारखी अंगावर लाली, डोळे लाल, अंग मोडून येणे, उठताच घेरी यांपैकी काही होऊ लागले, तर टॅम्पॉन तात्काळ काढावा आणि रात्र असली तरी दवाखाना गाठावा. सकाळपर्यंत थांबू नये. शिरेतून सलाइन, योग्य ती प्रतिजैविके आणि देखरेख वेळेवर मिळाली तर बहुतेक रोगी वाचतात. नंतर आठ-पंधरा दिवसांनी तळहात-तळपायांची साल निघते, त्यावरूनही हा आजार ओळखू येतो.

अडचण अशी की ही सारी लक्षणे आपल्याकडच्या दहा तापांसारखीच आहेत. पावसाळ्यात अशी मुलगी दवाखान्यात गेली तर डॉक्टरांच्या मनात डेंग्यू येईल, विषबाधा येईल, साधा व्हायरल येईल. टॅम्पॉन त्यांच्या मनात यायचा तर ते आपणच सांगायला हवे. आणि आपण काय करतो? सोबत वडील किंवा भाऊ असतात, डॉक्टर पुरुष असतात, म्हणून मान खाली घालून फक्त 'ताप आहे' म्हणतो. 'माझी पाळी चालू आहे आणि मी टॅम्पॉन लावला होता' हे एक वाक्य त्या वेळी कोणत्याही औषधाइतके मोलाचे आहे. मुलीला ग्लानी आली असेल तर ते तिच्या सोबतिणीने सांगावे. त्यासाठी खोलीतल्या एका तरी मैत्रिणीला आपण काय वापरतो ते माहीत असले पाहिजे.

शेवटी एक सूचना. माहितीपत्रकाची किंमत काय हे वर सांगितलेच आहे. पण ते इंग्रजीत असते आणि इतके बारीक असते की कॉलेजात शिकणाऱ्या मुलीही ते कचऱ्यात टाकतात. माझ्या आईसारख्यांना तर त्याचा काहीच उपयोग नाही. आमच्या विद्यार्थिनी-कक्षाच्या भिंतीवर मोठ्या मराठी अक्षरांत दहा ओळींचा एक तक्ता लावावा : टॅम्पॉन किती तास ठेवावा, तास कधीपासून मोजावेत, कोणती लक्षणे ओळखावीत आणि डॉक्टरांना काय सांगावे. खर्च एका कार्डशीटचा आहे. प्राचार्यांनी परवानगी दिली तर तो मी स्वतः लिहून देईन, आणि त्याची एक नक्कल गावी आईलाही वाचून दाखवीन.